राज्य बदलताय? स्टेट आणि लोकल टॅक्सबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यू जर्सीत १४ वर्षं काढून आम्ही डॅलसजवळ फ्रिस्कोला आलो. तेव्हापासून मंडळाच्या गणपतीत आरती संपून प्रसादाच्या रांगेत उभं राहिलं की कोणीतरी कानाशी येऊन विचारतंच, "काय हो, टॅक्स किती वाचला?" प्रश्न विचारणाऱ्यांपैकी निम्मे लोक स्वतः निघायच्या तयारीत असतात. तेच ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत. मी सीपीए (इथला सीए) नाही. दोन राज्यांत रिटर्न भरलेला, एकदा चुकलेला आणि ती चूक निस्तरलेला माणूस आहे, एवढंच. दर आणि मर्यादा दरवर्षी हलतात, तेव्हा निघायच्या वर्षाचे आकडे त्या त्या राज्याच्या महसूल खात्याच्या संकेतस्थळावर पडताळून घ्या.

टेक्सासमध्ये इन्कम टॅक्स नाही. म्हणजे तेवढे पैसे सरळ खिशात ना?

सरळ नाही. समजा नवरा-बायको मिळून करपात्र उत्पन्न २ लाख डॉलर आहे. न्यू जर्सीच्या टप्प्यांनी त्यावर साधारण ८,७०० डॉलर स्टेट टॅक्स बसतो. टेक्सासमध्ये शून्य. इथपर्यंतचं गणित सगळ्यांनाच येतं.

आता घर. टेक्सासला शाळा, रस्ते, पोलीस, कॉलेज चालवायला पैसा लागतोच, आणि तो येतो प्रॉपर्टी टॅक्समधून. ही आपली घरपट्टीच, पण गावाकडच्या घरपट्टीचा आकडा डोळ्यासमोर आणू नका. ६ लाखांचं घर घेतलंत, शाळेचा दर १ टक्का आणि शहर, कौंटी वगैरे मिळून १.१ टक्के धरला, तर शाळेच्या वाट्यातली राहत्या घराची सूट (ती पुढे सांगतो) वजा जाता वर्षाला ११,२०० डॉलर होतात. न्यू जर्सीत तुम्ही साधारण तेवढेच भरत असाल, कारण २०२४ मध्ये तिथलं सरासरी बिलच १०,००० च्या वर गेलं होतं. म्हणजे घराला घर सारखं घेतलं तर ८,७०० मधले बरेचसे खरंच वाचतात.

गडबड होते ती इथे: सारखं घर कोणी घेत नाही. एडिसनमधलं चार खोल्यांचं घर विकून आलेला माणूस फ्रिस्कोत उंच छताची, मीडिया रूमची, पाच बेडरूमची वास्तू बघतो आणि विरघळतो. त्याच दरांनी ९ लाखांच्या घराची घरपट्टी १७,५०० येते. वाचलेल्या टॅक्सचा बराचसा भाग तिथेच गेला. त्यात गारपिटीमुळे चढलेला घराचा विमा आणि ऑगस्टातलं विजेचं बिल धरा. आमच्याकडे पहिल्या वर्षी हातात जवळपास काही उरलं नाही.

भाड्यानं राहणाऱ्यांचा फायदा मात्र पहिल्या महिन्यापासून दिसतो. घरमालकाची घरपट्टी भाड्यात मुरलेली असतेच, पण ती बाजारभावात मुरलेली असते. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, एक वर्ष भाड्यानं राहा, मग घर बघा. कोणी ऐकत नाही.

पगारावर टॅक्स नसलेली राज्यं कोणती?

अलास्का, फ्लोरिडा, नेवाडा, न्यू हॅम्पशायर, साउथ डकोटा, टेनेसी, टेक्सास, वॉशिंग्टन आणि वायोमिंग. न्यू हॅम्पशायर व्याज आणि लाभांशावर टॅक्स घेत असे, तोही २०२५ पासून गेला. टेक्सासने २०१९ मध्ये मतदान घेऊन व्यक्तींच्या इन्कम टॅक्सवर राज्यघटनेतच बंदी घातली.

वॉशिंग्टनबद्दल जास्त सांगायला हवं, कारण सिअ‍ॅटल, रेडमंड, बॉथेलला आपली पुष्कळ मंडळी जातात. तिथे पगारावर टॅक्स नाही, पण शेअर विकून होणाऱ्या मोठ्या दीर्घकालीन नफ्यावर २०२२ पासून ७ टक्के टॅक्स आहे, आणि २०२५ पासून १० लाख डॉलरच्या वरच्या भागावर ९.९ टक्के. सूट अडीच लाख डॉलरपासून सुरू झाली आणि दरवर्षी वाढते. घर विकून झालेला नफा त्यात धरत नाहीत. कंपनीचे शेअर वर्षानुवर्षं साठवून एकदम विकणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. शिवाय पगारातून दीर्घकालीन देखभालीच्या सरकारी विम्यासाठी ०.५८ टक्के जातात. एच-वनबीसारख्या तात्पुरत्या कामाच्या व्हिसावरच्यांना त्यातून सूट आहे. तरी पहिल्या पेस्टबवर (पगाराच्या पावतीवर) नजर टाका. सेल्स टॅक्स सिअ‍ॅटलमध्ये १० टक्क्यांच्या वर आहे.

टेक्सासच्या घरपट्टीत नवख्या माणसाला कुठे फटका बसतो?

तीन ठिकाणी, आणि तिन्ही ठिकाणी मी लोकांना पडताना पाहिलंय.

पहिलं म्हणजे नवं बांधकाम. टेक्सासमध्ये किंमत १ जानेवारीच्या स्थितीवर ठरते. त्या दिवशी तुमच्या प्लॉटवर नुसती जमीन किंवा अर्धवट भिंती असतील तर त्या वर्षीचं बिल तेवढ्याचंच येतं, २,००० डॉलर वगैरे. बँक त्या हिशेबानं एस्क्रो (घरपट्टी आणि विम्यासाठी हप्त्यातूनच बाजूला ठेवायचे पैसे) बसवते, मासिक हप्ता सुखाचा वाटतो. पुढच्या वर्षी पूर्ण घराचं बिल येतं, एस्क्रोत खड्डा पडतो आणि हप्ता महिन्याला ८००–९०० डॉलरनं उडी मारतो. बिल्डरचा माणूस हे आपण होऊन सांगत नाही. घर घेतानाच पूर्ण किमतीवर दर लावून स्वतः आकडा काढा आणि तेवढे पैसे बाजूला टाकत राहा.

दुसरं, मड. चिखल नव्हे, शहराच्या हद्दीबाहेरच्या नव्या वसाहतींना पाणी आणि सांडपाण्याच्या सोयी देणारा म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट. तिथले कर्जरोखे फेडायला वेगळा दर लागतो. त्यामुळे रस्त्याच्या या बाजूला एकूण २ टक्के आणि त्या बाजूला पावणेतीन, असंही होतं. ह्यूस्टनकडे केटी, सायप्रस भागात घर बघणाऱ्यांनी प्रत्येक घराचा एकूण दर लेखी मागावा. घराची किंमत कमी दिसते ती पुष्कळदा याचमुळे.

तिसरं, होमस्टेड सूट. पुण्यात स्वतः राहत असलेल्या घराला घरपट्टीत ४० टक्के सवलत असते आणि अर्ज राहिला की ती बुडते. इथेही जात तीच. स्वतः राहत्या घरासाठी शाळेच्या टॅक्समध्ये १ लाख ४० हजार डॉलर किमतीवर सूट मिळते. २०२३ मध्ये ती १ लाख झाली होती, नोव्हेंबर २०२५ च्या मतदानानंतर वाढली. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे सूट लागली की पुढल्या वर्षापासून घराची करपात्र किंमत वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. अर्ज फुकट आहे, घरांच्या किमती ठरवणाऱ्या अप्रेझल डिस्ट्रिक्टकडे करायचा. ड्रायव्हिंग लायसन्सवर त्याच घराचा पत्ता हवा, म्हणून आधी लायसन्स बदला. "आम्ही तुमचा अर्ज भरून देतो, फक्त ७५ डॉलर" अशी सरकारी दिसणारी पत्रं येतात. सरळ कचऱ्यात टाका.

आणि दर वसंतात किमतीची नोटीस आली की हरकत घ्या. मुदत १५ मे, किंवा नोटिशीपासून ३० दिवस, यातली जी नंतरची ती. शेजारपाजारच्या विक्रीच्या किमती आणि तुमच्या घराच्या तडा गेलेल्या पायाचे फोटो घेऊन जा. अधिकाऱ्याशी वाद घालू नका, कागद पुढे करा.

"लोकल" टॅक्स म्हणजे नेमकं काय? आम्ही तर राज्याचाच दर बघितला.

बहुतेक लोक इथेच फसतात. काही राज्यांत शहर, कौंटी किंवा शाळेचा डिस्ट्रिक्टसुद्धा पगारावर हात मारतो.

न्यूयॉर्क शहरात राहिलात तर राज्याच्या टॅक्सवर आणखी ३.०७८ ते ३.८७६ टक्के शहराचा. जर्सी सिटीत राहून मॅनहॅटनला कामाला गेलात तर शहराचा लागत नाही, राज्याचा लागतो. आपली निम्मी जनता हडसनच्या अलीकडे का राहते, त्याचं एक कारण हेही आहे. मेरीलँडमध्ये प्रत्येक कौंटीचा स्वतःचा इन्कम टॅक्स आहे. इंडियानातही आहे, आणि तिथली गंमत अशी की वर्षभर कोणत्या कौंटीचा दर लागणार हे १ जानेवारीला तुम्ही कुठे राहत होतात त्यावर ठरतं. डिसेंबरात कौंटी बदलायची की जानेवारीत, यानं खरोखर फरक पडतो.

ओहायो हा सगळ्यात किचकट. कोलंबस शहराचा दर २.५ टक्के. तुम्ही एका उपनगरात राहता, ऑफिस दुसऱ्या गावात; ऑफिसचं गाव कापतं, आणि राहतं गाव त्याची वजावट किती द्यायची ते स्वतः ठरवतं. कुठे पूर्ण, कुठे अर्धी, कुठे काहीच नाही. त्यावर काही शाळांच्या डिस्ट्रिक्टचा टॅक्स वेगळा. घर पक्कं करण्याआधी पत्ता टाकून दर दाखवणारं साधन राज्याच्या संकेतस्थळावर आहे, ते वापरा.

पेनसिल्व्हेनियात राज्याचा दर एकच, ३.०७ टक्के, ऐकायला गोड. पण टाउनशिप आणि शाळा मिळून बहुतेक ठिकाणी १ टक्क्याच्या आसपास कमाईवरचा टॅक्स घेतात आणि फिलाडेल्फिया पावणेचार टक्क्यांच्या जवळ. शिवाय नोकरी करता म्हणून वर्षाला जास्तीत जास्त ५२ डॉलरचा लोकल सर्व्हिसेस टॅक्स. तो पेस्टबवर पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला माझ्या पहिल्या पुण्यातल्या पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर आठवला.

न्यू जर्सीत राहून पेनसिल्व्हेनियात नोकरी केली तर दोनदा टॅक्स?

नाही. या दोन राज्यांचा करार आहे, पगारावर फक्त राहत्या राज्याचा टॅक्स. कंपनीला तसा फॉर्म द्यायला विसरू नका. फिलाडेल्फिया शहराचा टॅक्स मात्र या करारात येत नाही. तो भरून न्यू जर्सीत त्याची वजावट घ्यायची. व्हर्जिनिया, मेरीलँड आणि वॉशिंग्टन डीसी यांच्यातही असाच करार आहे. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीत नाही, तिथे दोन्हीकडे रिटर्न भरून एकाची दुसऱ्यात वजावट घ्यावी लागते.

वॉशिंग्टनच्या व्हँकुव्हरमध्ये राहून नदीपलीकडे पोर्टलंडला कामाला जाणाऱ्यांना ओरेगनचा टॅक्स लागतोच. उलट, तिथे खरेदी केली तर सेल्स टॅक्स नाही. म्हणजे काय कुठे करायचं ते कळलं असेल.

वर्षाच्या मधेच गेलो तर रिटर्न कसा भरायचा?

दोन्ही राज्यांत अर्धवट वर्षाचे रहिवासी म्हणून. ज्या तारखेला मुक्काम हलला तोपर्यंतचं उत्पन्न जुन्या राज्यात, पुढचं नव्यात. नवं राज्य टॅक्सविना असेल तर एकच रिटर्न.

कागदावर सोपं, पण पगारपत्रकवाले गोंधळ घालतात. मी आलो तेव्हा कंपनीनं पत्ता बदलला, पण टॅक्सचं राज्य बदललं नाही. साडेतीन महिने न्यू जर्सीचा टॅक्स कापला जात होता आणि मी पेस्टब उघडूनही पाहत नव्हतो. पैसे मिळाले, पण पुढच्या वर्षी रिटर्न भरून, डब्ल्यू-टू (वर्षाच्या पगाराचा आणि कापलेल्या टॅक्सचा कंपनीचा दाखला) दुरुस्त करून घेऊन आणि एचआरला अकरा मेल लिहून. नव्या राज्यातलं पहिलं पेस्टब हातात आल्या आल्या राज्याच्या रकान्यात काय लिहिलंय ते बघा.

चुकून कापलेला टॅक्स जुन्या राज्याकडूनच रिफंड म्हणून मागावा लागतो. "तिकडे भरलाय ना, मग इकडे वजा करा" असं नवं राज्य ऐकून घेत नाही.

मी मार्चमध्ये जाणार, बायको-मुलं शाळा संपल्यावर जूनमध्ये. मग मी कुठला?

आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक घरात हेच होतं आणि खरी गुंतागुंतही हीच. दोन गोष्टी वेगळ्या ओळखा. एक म्हणजे तुमचं "घर" कुठे, म्हणजे जिथे कायमचं परतायचा इरादा आहे ती जागा. इंग्रजीत त्याला डॉमिसाइल म्हणतात. आपल्या महाराष्ट्रातल्या डोमिसाइल दाखल्याशी नाव जुळतं, पण इथे दाखला वगैरे नसतो, तुमच्या वागण्यावरून ठरवतात. दुसरी म्हणजे दिवस. न्यू जर्सी किंवा न्यूयॉर्कमध्ये राहतं घर चालू ठेवलंत आणि वर्षात १८३ पेक्षा जास्त दिवस तिथे काढलेत, तर डॉमिसाइल दुसरीकडे असूनही ते तुम्हाला वर्षभराचे रहिवासी धरू शकतात.

बायको-मुलं आणि घर तिकडेच असताना "मी मार्चपासून टेक्सासचा" म्हणणं कमकुवत ठरतं. नवरा-बायको वेगवेगळ्या तारखांना हलले तर राज्याचे रिटर्न वेगवेगळे भरण्याची सोय काही ठिकाणी असते, पण टेक्सास, कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन यांसारख्या राज्यांत एकाचा पगार कायद्यानं दोघांचा अर्धा-अर्धा धरतात. तेव्हा ३००–४०० डॉलर सीपीएला देऊन टाका. सगळीकडे काटकसर करायची नसते.

पुरावा ठेवा: मूव्हरची पावती, नव्या घराचा भाडेकरार किंवा क्लोजिंगचे (खरेदी पूर्ण झाल्याचे) कागद, लायसन्स बदलल्याची तारीख, वीज-पाण्याची पहिली बिलं, मुलांच्या शाळेत नाव घातल्याचा कागद. विमानाची तिकिटं मेलमध्ये असतातच, एका फोल्डरमध्ये ढकला. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क या बाबतीत फार चिकट आहेत, दोन-तीन वर्षांनीही पत्र येतं.

बोनस आणि शेअर नव्या राज्यात गेल्यावर मिळाले, तर जुन्या राज्याचा काय संबंध?

संबंध आहे. पैसा कधी हातात आला याच्या जोडीला तो कुठे काम करून कमावला हेही बघतात. गेल्या वर्षीच्या कामाचा बोनस असेल तर तो जुन्या राज्याचा.

आरएसयूचं, म्हणजे कंपनी आधी देऊ करते आणि काही काळानं हातात पडतात त्या शेअरचं, कॅलिफोर्नियाचं सूत्र सांगतो. शेअर देऊ केल्याच्या तारखेपासून हातात पडेपर्यंत १,००० कामाचे दिवस होते आणि त्यातले ६०० तुम्ही कॅलिफोर्नियात काम केलंत, तर त्या रकमेच्या ६० टक्क्यांवर कॅलिफोर्निया टॅक्स घेणार, तुम्ही ऑस्टिनला असलात तरी. त्यामुळे निघाल्यावरही दोन-तीन वर्षं कॅलिफोर्नियाचा अनिवासी रिटर्न भरत राहावा लागतो. हातात पडल्यानंतर शेअर ठेवून पुढे जो नफा झाला, तो विकताना तुम्ही जिथले रहिवासी त्या राज्याचा.

ऑफिस न्यूयॉर्कचं, मी घरून काम करणार टेक्सासमधून. मग तर टॅक्स नाहीच?

सावध. न्यूयॉर्कचा एक नियम आहे: तुमचं नेमलेलं ऑफिस न्यूयॉर्कमध्ये असेल आणि तुम्ही स्वतःच्या सोयीसाठी दुसऱ्या राज्यातून काम करत असाल, तर ते दिवसही न्यूयॉर्कचेच धरतात. टेक्सासमध्ये वजावट घ्यायला टॅक्सच नाही, म्हणजे न्यूयॉर्कचा पूर्ण भुर्दंड तुमच्यावर. यावर उपाय एकच, मॅनेजरशी बोलून कागदोपत्री नेमणूक टेक्सासच्या ऑफिसला करून घेणं. तोंडी "हो हो, चालेल" उपयोगाचं नाही.

न्यू जर्सी सोडताना "एक्झिट टॅक्स" द्यावा लागतो म्हणे?

असा टॅक्सच नाही. ही अफवा प्रत्येक पॉटलकमध्ये भाकरीसोबत वाढली जाते. खरं काय आहे ते असं: अनिवासी माणूस न्यू जर्सीतलं घर विकतो तेव्हा राज्य क्लोजिंगलाच आगाऊ टॅक्स कापून ठेवतं, नफ्याच्या १०.७५ टक्के, पण किमान विक्रीकिमतीच्या २ टक्के. ७ लाखांच्या घराला किमान १४,००० डॉलर. वर्षाचा रिटर्न भरल्यावर जास्तीचे परत मिळतात, पण तोवर पैसे अडकतात, आणि नवं घर घेताना नेमके तेच हवे असतात.

विकताना अजून रहिवासी असाल, किंवा ते तुमचं राहतं मुख्य घर असेल आणि त्याची केंद्रीय सूट लागू होत असेल, तर जीआयटी/आरईपी-३ हा फॉर्म भरून द्यायचा, मग कापत नाहीत. वकिलाला क्लोजिंगच्या आधी आठवण करा. १० लाखांवरच्या घराची जादा फी मात्र १० जुलै २०२५ पासून घेणाऱ्याऐवजी विकणाऱ्यावर आली आहे. ती खरी आहे, अफवा नाही.

पुण्यातला फ्लॅट विकायचाय. अमेरिकेत राज्य बदलण्याशी त्याचा काय संबंध?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. सगळ्यांनी विचारायला हवा.

भारतात टॅक्स भरला की त्याची वजावट अमेरिकेच्या केंद्रीय रिटर्नमध्ये मिळते, हे माहीत असतं. पण कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया यांसारखी राज्यं भारतात भरलेल्या टॅक्सची वजावट देत नाहीत. रहिवाशाचं जगभरातलं उत्पन्न मात्र मोजतात. म्हणजे कोथरूडच्या फ्लॅटवर दीड लाख डॉलरचा नफा झाला आणि तुम्ही वरच्या उदाहरणासारखे २ लाख उत्पन्नाचे न्यू जर्सीचे रहिवासी असाल, तर भारताचा टॅक्स भरूनही न्यू जर्सीला आणखी ९,००० च्या पुढे जातात. कॅलिफोर्नियात याहून जास्त. तोच व्यवहार टेक्सासचे रहिवासी झाल्यावर केला तर राज्याला काही नाही. तुम्ही राज्य बदलणारच असाल तर खरेदीखताची तारीख मागेपुढे करण्याचा विचार करा. मात्र आधी खरोखर हला. कागदावरचं हलणं टिकत नाही.

एनआरई ठेवींचं (परदेशस्थ भारतीयांच्या भारतातल्या ठेवींचं) व्याजही तसंच. भारतात करमुक्त आहे म्हणून इथे कोणी सोडत नाही. केंद्रीय रिटर्नमध्ये दाखवायचं आणि राज्यातही.

स्टेट टॅक्स केंद्रीय रिटर्नमध्ये वजा होतो ना? मग एवढी चिंता कशाला?

थोडा होतो. २०१८ पासून राज्य आणि स्थानिक टॅक्स मिळून १०,००० डॉलरचीच मर्यादा होती. २०२५ साठी ती ४०,००० झाली, २०२६ ला ४०,४००. ५ लाखांच्या वर उत्पन्न असेल तर कमी होत जाते, आणि २०३० ला पुन्हा १०,००० वर येणार आहे. पण फायदा तेव्हाच, जेव्हा सगळ्या वजावटींची बेरीज सगळ्यांना सरसकट मिळणाऱ्या ठरावीक वजावटीपेक्षा (स्टँडर्ड डिडक्शन), म्हणजे २०२५ साठी जोडप्याला ३१,५०० पेक्षा, जास्त भरते. घरकर्जाचं व्याज मोठं असलेल्यांचं भरतं, भाडेकरूंचं सहसा नाही. टेक्सासमध्ये इन्कम टॅक्सऐवजी सेल्स टॅक्स वजा घेता येतो. नवी गाडी घेतलेल्या वर्षी ते लक्षात ठेवा.

फोर-ओ-वन-के आणि एचएसए सगळीकडे सारखेच ना?

नाही. पेनसिल्व्हेनिया फोर-ओ-वन-केत (नोकरीतल्या निवृत्तीच्या खात्यात) टाकलेल्या पैशांवर आत्ताच टॅक्स घेतो. निवृत्तीनंतर काढताना मग घेत नाही. कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सी एचएसएची (औषधपाण्यासाठीच्या बचतखात्याची) सूट मानतच नाहीत.

एक चांगली बातमी. कॅलिफोर्नियात साठवलेला फोर-ओ-वन-के पुढे नेवाडात बसून काढलात, तर कॅलिफोर्निया त्यावर टॅक्स लावू शकत नाही. १९९६ च्या केंद्रीय कायद्यानं तशी मनाई केली आहे.

गाडी सोबत नेली तर?

टेक्सासमध्ये दुसऱ्या राज्यात नोंदलेली गाडी आणली की नवा रहिवासी म्हणून ९० डॉलर, मग नेहमीची फी. नोंदणी ३० दिवसांत, लायसन्स ९० दिवसांत.

व्हर्जिनियात मात्र बहुतेक कौंट्या आणि शहरं दरवर्षी गाडीच्या किमतीवर टॅक्स घेतात. अ‍ॅशबर्न, हर्नडनला गेलेल्या मंडळींना नव्या टेस्लाचं पहिलं बिल आलं की ती इतरांना फोन करून विचारतात, "तुम्हालाही आलं का?" नॉर्थ कॅरोलायनातही असा वार्षिक टॅक्स आहे, नोंदणीसोबतच भरायचा. दोन गाड्यांचं घर असेल तर हा आकडा तुलनेत धरा.

सेल्स टॅक्समध्ये लक्ष देण्यासारखं काही?

टेक्सासमध्ये बहुतेक ठिकाणी ८.२५ टक्के, न्यू जर्सीत ६.६२५. न्यू जर्सीत कपड्यांवर नाही, टेक्सासमध्ये आहे. डाळ-तांदळावर दोन्हीकडे नाही.

सोन्याचं विचारतातच. टेक्सासमध्ये सोन्याच्या नाण्यांवर आणि बिस्किटांवर सेल्स टॅक्स नाही, दागिन्यांवर आहे. डेलावेअर किंवा ओरेगनमध्ये सेल्स टॅक्सच नाही, पण तिथून पाटल्या आणून घरी वापरल्या तर राहत्या राज्याचा वापरकर कायद्यानं लागतो. न्यू जर्सीसारख्या राज्यांच्या रिटर्नवर त्याची ओळ असते. ती कोण किती प्रामाणिकपणे भरतं, यावर मी काही बोलत नाही.

व्हिसावर आहोत. टॅक्सशिवाय काही बघायचं?

एच-वनबीवर असाल तर कामाची जागा दुसऱ्या महानगर क्षेत्रात गेल्यावर सुधारित अर्ज लागतो, आणि तो जाण्याआधी. घरून काम करत असलात तरी. पत्ता बदलला की १० दिवसांत इमिग्रेशनला एआर-११ ऑनलाइन कळवायचं, ग्रीन कार्डवाल्यांनीही. दोन्ही गोष्टी टॅक्सशी थेट संबंधित नाहीत, पण डब्ल्यू-टूवर एक राज्य आणि व्हिसाच्या अर्जावर दुसरं दिसलं तर पुढे प्रश्न निघतात.

आणि नव्या राज्यात लायसन्स काढताना खिडकीवरची बाई घाईघाईत विचारते किंवा स्क्रीनवर चौकट येते: "मतदार म्हणून नोंदणी करायची का?" नागरिक नसाल तर तिथे "नाही". रहिवासी असल्याचा पुरावा वाढेल म्हणून एका ओळखीच्यानं तिथे "हो" करायचा बेत केला होता. बायकोनं हात धरला म्हणून वाचला.